टायरनं अंग धरलं

आमच्या मालकांच्या अंगणात पाय ठेवायचा तर आधी चपलांचे तळवे दाखवावे लागत. मग तो गावचा पाटील असो, पोस्टमन असो की मालकांचा सख्खा साळा. फाटकाशी चपला उलट्या करायच्या, मालक वाकून बघणार, नखानं खरवडणार, आणि बाभळीचा काटा नाही अशी खात्री पटली की म्हणणार, "या जी, बसा, पाणी घ्या." एकदा तालुक्याहून आलेल्या एका साहेबानं बूट उलटा करायला साफ नकार दिला. मालकांनी फाटकाबाहेरच बाज टाकली, चहा पाजला आणि सगळं काम तिथंच उरकलं. जाताना साहेब मला हळूच विचारतो, "क्यों भाई, अंदर मंदिर है क्या?" मी म्हटलं, "नाही साहेब, लॉरी आहे."

त्या लॉरीचा मी ड्रायव्हर. पुढं सरकारी मोटारींवर उभा जन्म काढला, रोजचे खड्डे, रोजची भांडणं, सगळं केलं. पण ती पहिली नोकरी आठवली की आजही हसू फुटतं. न चालवण्याचा पगार घेणारा ड्रायव्हर साऱ्या वर्धा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

झालं होतं असं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर सरकारनं लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. जामच्या चौरस्त्याजवळ मालकांची कपाशीची शेती होती. लॉरी घ्यायची, गावचा कापूस हिंगणघाटला जिनात, सरकी काढायला, टाकायचा, असा त्यांचा बेत. चांगला बेत होता. लॉरी घेतली, हार घातला, नारळ फोडला. तेवढ्यात लिलावाला आलेला कोणी एक रिकामटेकडा माणूस बिडी ओढत म्हणाला, "गाडी झकास आहे, पण या मापाचे टायर आता मिळायचे नाहीत बरं." इतकं बोलून तो बाबा निघून गेला. कोण होता, कुठला होता, देव जाणे. पण त्या एका वाक्यानं मालकांच्या डोक्यात जे घर केलं ते केलंच.

"लोखंडाले मरण नाई," मालक मला समजावून सांगायचे. "गंजलं तं घासता येते. इंजिन खोलून बांधता येते. पण रबर म्हंजे झाडाचा चीक हाय बाबू. त्याले आयुष्य नेमून देलं हाय."

"पण मालक, टायर टिकते तरी किती दिवस?"

"वापरलं तं दोन पावसाळे. नाई वापरलं तं आपल्याले पुरून उरते."

"पण वापरलंच नाई तं त्याचा उपयोग काय जी?"

यावर ते माझ्याकडे मोठ्या दयेनं बघायचे. "तुले गाडी चालवता येते," म्हणायचे, "ठेवता येत नाई."

आणि ठेवायची कशी, तर बघा. गोठ्यातले बैल बाहेर लिंबाच्या झाडाखाली आले आणि गोठ्यात लॉरी गेली. घरावरच्या फुटक्या कवेलूंतून पावसाळ्यात पाणी गळायचं, गोठ्यावर मात्र नवे कवेलू. लॉरी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चारही चाकं अधांतरी. सकाळी उठून मी ती हातानं फिरवायची. याला मालक 'पाय मोकळे करणे' म्हणत. उन्हाळा लागला की टायर उतरवायचे आणि घरात माजघरात, गव्हाच्या कोठीशेजारी, ओलं पोतं पांघरून ठेवायचे. चार चाकांचे चार आणि पाचवी स्टेपनी. मालकीणबाई मग अंगणात खाटेवर झोपायच्या. बाई तोंडाच्या फटकळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "लोकाईच्या नवऱ्याईनं सवत आणली तं एक आणली. याईनं पाच आणल्या, न वरून मलेच सांगतात, त्याईच्या अंगावर ओलं पोतं टाक."

हवेचं तर विचारूच नका. टायरमधली हवा मूळची, लढाईवरची आहे, अशी मालकांची समजूत. तिच्यात आपल्याकडची हवा मिसळली की दोघींचं पटायचं नाही. पण हवाच ती, कधी तरी कमी होणारच. मग पहाटे विहिरीच्या काठावर पंप नेऊन मी हवा भरायची, कारण तेव्हाची हवा कोवळी असते. मी म्हटलं, "मालक, हवा हवाच असते." तर म्हणाले, "मंग दुपारी तू घरात काऊन पळतं?" मी पंप मारत राहिलो.

वर्षातून दोनदा लॉरी बाहेर निघे. दसऱ्याला आणि पोळ्याला. तेव्हा मात्र बघण्यासारखं असायचं. मी गाडीत, पहिल्या गिअरवर, आणि पुढं मालक. पांढरं धोतर, काळी टोपी, पायात काही नाही, हातात खराटा. रस्त्यावरचे काटे झाडत झाडत हा गावातला मानाचा माणूस पुढं चालायचा आणि मागून त्याची लॉरी. दम लागला की थांबायचा, लॉरीही थांबायची. म्हातारे हात जोडायचे, कोणाला ते मला कधी कळलं नाही. शेवटी शेजारची बैलगाडी भोंग्याऐवजी घंटा वाजवून आम्हाला मागं टाकून जायची.

आता पोळ्याची गोष्ट आली म्हणून सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून तेल-हळद कोमट करून पळसाच्या पानानं लावतात, वरून गरम पाण्यानं शेकतात. मालक बैलांची खांद शेकून उठले आणि त्यांची नजर गोठ्यात गेली. म्हणाले, "याईनं काय पाप केलं?" झालं. पाचही टायरांची खांद शेकली. जवसाचं तेल, हळद, पळसाचं पान. प्रत्येक टायरला "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणून आमंत्रणही दिलं. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी टायरला टेकवली आणि मग ती मी खाल्ली.

गंमत म्हणजे टायर असे काही झळकले की विचारू नका. काळेभोर, लखलखीत. मालकांचा आनंद मावेना. मग काय, दर अमावास्येला तेल सुरू झालं. थंडीत तर आठवड्याला. दोन-चार महिन्यांत टायर जरा फुगले, हाताला मऊ लागायला लागले. मालक त्यांच्यावरून हात फिरवून मला म्हणाले, "पाह्य लेका, टायरनं अंग धरलं." आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. बैलाला तेल लावलं की बैल सुधारतो, हे आम्ही जन्मापासून बघत आलो. टायरचं काही वेगळं असेल हे आम्हाला कोण सांगणार?

त्याच हिवाळ्यात माझ्यासाठी केळझरची मुलगी सांगून आली. मला आई-बाप नाहीत, लहानपणीच गेले. तेव्हा मुलगी बघायला मालकीणबाईच माझ्याबरोबर आल्या. मुलीचा बाप गाडीवान. दारात दोन बैलजोड्या, शिंगं रंगवलेली, अंगं अशी की माशी बसली तर घसरेल. त्यानं मला बसवलं आणि विचारलं, "काय चालवता?"

"लढाईवरची लॉरी," मी छाती काढून म्हटलं.

"काय वाहता तिच्यातून?"

मी बैलांच्या रंगवलेल्या शिंगांकडे बघत राहिलो. मालकीणबाईंनी पदराआड तोंड लपवलं. केळझरच्या गणपतीच्या दर्शनाला जामचे लोक नेहमी यायचे, त्यांच्याकडून त्या गृहस्थाला सगळा तपशील आधीच कळलेला होता. तो खो खो हसला. म्हणाला, "माह्या पोरीले गाडीवानाईची बी मागणी येते. त्याईच्या गाड्या चालतात तरी." मग हसणं थांबवून म्हणाला, "ऐका. पोरगी मी माणसाले देतो, राखणदाराले नाई. लग्नाच्या दिवशी ते लॉरी माह्या मांडवापावतर आणा. तुमच्या हातानं चालवत. बैल जुंपायचे नाई, लोकाईनं ढकलायची नाई. आली तं पोरगी तुमची. नाई आली तं जेवा, पान खा न वापस जा."

मी काही तरी बोलणार होतो, पण मुलगी पाणी घेऊन आली. पेला देताना तिनं अगदी हळू विचारलं, "खरंच चालत नाई का जी ते?" कुत्सितपणानं नाही हो, काळजीनं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेव्हाच मनानं घेतलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. ते एकेक तोड काढायला लागले. मांडव इथंच घालू. नको? मग चार बैलगाड्या जोडून त्यांच्यावर लॉरी ठेवून नेऊ. तेही नको? मग लॉरीची चाकं काढून बैलगाडीची लावू. मालकीणबाई भाकरी थापत ऐकत होत्या. शेवटी परातीतला हात तसाच बाहेर काढून त्या कडाडल्या, "अवो, रबर सांभाळून सांभाळून तुम्ही पोराले ब्रह्मचारी ठेवता का आता? त्या पोट्टीनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?"

मालक उठून गोठ्यात गेले. दिवे लागणीला बाहेर आले. डोळे लाल. म्हणाले, "तयारी कर. पण रस्त्यात गिट्टी आली का वऱ्हाड खाली उतरन."

लग्नाची घटिका वैशाखातली, दुपारची होती. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून तांबडं फुटताच निघालो. लॉरीत कापसाच्या गाद्या अंथरल्या, त्यांवर फेटेवाले वऱ्हाडी. स्टिअरिंगवर मी, नवरदेव, कपाळाला बाशिंग; त्याच्या झिरमिळ्यांतून रस्ता बघायचा. शेजारी मालकीणबाई. पुढं मालक, खराटा घेऊन. जरा खडबडीत रस्ता आला की मालक हात वर करायचे, सारं वऱ्हाड उतरून चालायला लागायचं आणि रिकामी लॉरी त्यांच्यामागून यायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आपुन लॉरीनं चाल्लो का लॉरी आपल्यासंगं चाल्ली?" सगळ्यांना धाप लागली होती.

ऊन तापलं आणि मागच्या टायरला फोड आला. लिंबाएवढा, मग नारळाएवढा. मग त्याची वरची साल सुटून लोंबायला लागली. मालकांनी त्यावर हात ठेवला, "दमला बिचारा," म्हणाले आणि स्टेपनी चढवायला लावली. थोडं पुढं गेलो तर दुसऱ्या टायरला तेच. सिंदीजवळ रस्त्याकडेला एक पंक्चरवाला बसला होता, त्याला दाखवलं. त्यानं बोट लावलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, इसको तेल किसने पिलाया? रबर के लिए तेल तो जहर है बाबा."

मालक त्या टायरकडे बघत उभे राहिले. खराटा हातातच होता.

"म्हंजे मीच मारले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मालक, आपण इथूनच वापस जाऊ. जे राह्यले ते तरी वाचतीन. लग्नाचं पाहू मंग." हे बोलताना डोळ्यांसमोर ती मुलगी होती.

मालकांनी खराटा रस्त्याकडेला टाकून दिला. वळसा घालून आले, दार उघडलं आणि मालकीणबाईंना म्हणाले, "सरक." आणि आत बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत हा माणूस स्वतःच्या लॉरीत कधी बसलाच नव्हता. आपल्या वजनानं टायर झिजतील म्हणून. बसून त्यांनी गादीवर दोनदा बूड दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मरणारच हायेत तं पोचवून मरतीन. दबव पाय."

मी पाय दाबला. काय सांगू तुम्हाला! लॉरी भूत लागल्यागत सुटली. मागं वऱ्हाडी एकमेकांच्या अंगावर, मालकीणबाई देवाचं नाव घेतायत आणि मालक खिडकीतून डोकं काढून ओरडतायत, "हट! हट! बाजूले सरा, लगन हाय!"

एक टायर गेला तेव्हा मालकांनी स्वतः गाद्या फाडल्या आणि कापूस टायरमध्ये ठासून भरला. कापसाचा मुलूख आमचा, ठासायला सगळे पटाईत. दुसरा गेला तेव्हा कापूस संपला, मग फेटे भरले. केळझरचं देऊळ दिसायला लागलं आणि तिसरा गेला. फेटेही संपले होते. मालकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि धोतर सोडलं. लंगोटी आणि सदरा. "अवो, लाज!" मालकीणबाई किंचाळल्या. "लाज मांडवात," मालक म्हणाले, "आता घटिका." आणि धोतर टायरमध्ये कोंबून वर चढून बसले. मालकीणबाईंनी आपला शेला त्यांच्या मांड्यांवर टाकला.

अशी आमची लॉरी मांडवाच्या दारात आली. चाकांतून कुठं लाल फेट्याचं टोक फडफडतंय, कुठं कापूस उडतोय, कुठं धोतराचा काठ. पुढचं चाक मांडवाच्या पहिल्या खांबापाशी आलं आणि शेवटचा टायरही फाटकन फुटला. लॉरी गुडघे टेकून बसली. वाजंत्री थांबली.

सासरे पुढं आले. लॉरीला एक फेरी मारली. वाकून चाकं पाहिली. म्हणाले, "हे चालत आली म्हणावं का सरपटत?"

तेवढ्यात घराच्या दारातून आवाज आला. हळद लागलेली नवरी चौकटीत उभी होती.

"बाबा, माणसानं धोतर फेडून आणली. आता अजून काय पाह्यजे तुमाले?"

नवरी बोलली! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सासऱ्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा शेल्यात गुंडाळलेल्या मालकांकडे. मग आत जाऊन आपलं ठेवणीतलं धोतर घेऊन आले आणि दोन्ही हातांनी मालकांना दिलं. "नेसा जी, व्याही," म्हणाले.

धोतर नेसून झाल्यावर मालकांनी मला आणि सासऱ्यांना जवळ घेतलं आणि कानात म्हणाले, "टायर गेले असं आत्ता कोणी बोलाचं नाई. अक्षता पडू द्या. लग्नघरात मयत झाली तं लपवून ठेवतात, मालूम हाय ना?" चारही टायर सगळ्या गावासमोर फाटून पडले होते. पण सासरे गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "मालूम हाय." आणि खरोखर, त्यानंतर मांडवात येणारा प्रत्येक जण त्या चाकांजवळून जाताना दुसरीकडे बघायला लागला. एका बाईनं विचारलंच, "काऊन वो, याईच्या टायरले काय झालं?" तर सासरे म्हणाले, "काई नाई, पडले हायेत जराशे." मंगलाष्टकं झाली. मालक हसतमुखानं अक्षता टाकत होते.

शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या आणि मालक मांडवाबाहेर निघाले. लॉरीमागं जाऊन त्यांनी असा हंबरडा फोडला की दावणीचे बैल उभे राहिले. मी बाशिंगासकट धावलो. सासरे माझ्याआधी पोचले होते. मातीत मांडी घालून ते मालकांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "माहा पवळ्या बैल गेलता तवा मी बी असाच रडलो होतो व्याही. रडून घ्या."

मालक रडले. मग फाटलेल्या टायरवर डोकं टेकून म्हणाले, "दुःखानं नाई रडून राह्यलो जी. इतके वर्ष भेव होतं, आज जातीन, उद्या जातीन. आता गेले. भेवच गेलं." मग मला म्हणाले, "बाबू, लय चांगली चालते रे लॉरी." एवढं बोलले आणि तिथंच, लॉरीच्या सावलीत आडवे झाले, आणि बघता बघता घोरायला लागले.

पंगती उठल्या. पाठवणीची वेळ झाली. आम्हाला न्यायला सासऱ्यांनी दोन्ही बैलजोड्या जुंपल्या, वाजंत्रीवाले सनई तोंडाला लावून उभे राहिले. मी मालकांना हलवायला वाकलो तर मालकीणबाईंनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या.

"उठवू नको. लॉरी आल्यापासून हा माणूस सलग झोपला नाई. मी पाह्यलं हाय न."

सासऱ्यांनी वाजंत्र्यांना हातानं गप केलं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या. आणि साऱ्या मांडवानं, आम्हा नवरा-नवरीसकट, चपला हातात घेतल्या आणि तो माणूस आपसूक जागा होईस्तोवर आम्ही अनवाणी, कुजबुजत, तिथंच थांबलो.